सुईकडे बघू नका

शिलाई शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगते. सुईकडे बघू नकोस. सुई वरखाली होत राहणार, ते तिचं काम. तू कापडाची कड बघ, मशीनच्या फूटच्या, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या, पुढे बोटभर. वीस वर्षं हे वाक्य बोलतेय मी. आणि टिग वेल्डिंग शिकायला बसले तेव्हा पहिले तीन आठवडे स्वतः सुईकडेच बघत होते.

सुरुवात एका मोडक्या वस्तूपासून झाली. माझ्या पायाने चालवायच्या जुन्या मशीनचं ओतीव लोखंडाचं पायडल तडकलं. मोटारीची दोन मशीनं आहेत, पण जाड कापडाचं नाजूक वळण मला अजूनही त्या जुन्या मशीनवरच साधतं. पायडल घेऊन मी एका ओळखीच्या, आता निवृत्त झालेल्या पाइप वेल्डरकडे गेले. त्यांनी तड्यावरून नख फिरवलं, पायडल उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "ओतीव आहे. याला घाई चालत नाही. ठेवून जा." ठेवलं, पण गेले नाही. ते स्टेनलेस स्टीलच्या नळीचा एक तुकडा जोडत होते, तो बघत उभी राहिले. ठिणग्या नाहीत, तडतड नाही, धूरही नावापुरता. उजव्या हातात टॉर्च, डाव्या हातातून सरकणारी बारीक कांडी, आणि खाली पाय एका पायडलवर. शिवण म्हणावी अशी सरळ, एकसारख्या टाक्यांची रेघ मागे उमटत होती.

"अहो, हे तर माझंच काम आहे," मी म्हणाले.

"मग बसा," ते म्हणाले.

आमच्या धंद्यात कापड बेतणाऱ्याला मास्तर म्हणतात, म्हणून मी त्यांना मास्तर म्हणू लागले. ते मला ताई म्हणतात, आणि चुकलं की नुसतंच "हं".

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साध्या वेल्डिंगमध्ये कांडीतून वीज जाते, ठिणगी पडते आणि तीच कांडी वितळून सांध्यात भरते. टिगमध्ये ही दोन कामं वेगळी केलेली असतात. टॉर्चमध्ये टंगस्टनची टोकदार सळई असते. ती फक्त ज्योत धरते, स्वतः वितळत नाही, कारण टंगस्टनचा वितळणबिंदू ३४२२ अंश सेल्सिअस आहे. भरायचा धातू दुसऱ्या हाताने वेगळ्या कांडीतून द्यायचा. आणि टंगस्टनच्या भोवतीच्या चिनी मातीच्या कपातून सतत आर्गन वायू वाहत असतो, म्हणजे वितळलेल्या धातूला हवा लागत नाही. बऱ्याच वर्कशॉपमध्ये याला आर्गन वेल्डिंगच म्हणतात. पायाखालच्या पायडलने करंट कमीजास्त होतो.

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं, मान डोलावली आणि त्यातलं काहीही माझ्या पायापर्यंत पोचलं नाही. त्याबद्दल पुढे.

पहिल्या संध्याकाळी टॉर्च पेटलीच नाही. मास्तरांनी दोन मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादाच्या पट्ट्या पुढ्यात टाकल्या आणि म्हणाले, "पांढऱ्या करा." गरम लाटलेल्या पोलादावर काळसर निळा पापुद्रा असतो. बाकीच्या वेल्डिंगमध्ये तो थोडाफार खपून जातो, इथे अजिबात नाही. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून सांध्याच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन सेंटिमीटर धातू चकचकीत करायचा. वरून, खालून आणि कडेनेही. कड मी विसरले होते. "हं." मग ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या सुती फडक्याने पुसायचं. माझ्या मते आरशासारख्या झालेल्या पट्टीवरून फडकं काळं निघालं. भरायची कांडीही पुसायची. ती तर नवीकोरी दिसत होती, तरी फडक्यावर करडी रेघ आलीच.

यात मला नवल वाटायला नको होतं. कोरं कापड न भिजवता बेतलं की पहिल्या धुण्यात अंगरखा आटतो आणि दोष शिलाईला लागतो. तसंच हे. सांध्यात बुडबुडे आले की शिकणारा हाताला दोष देतो, आणि बहुतेक वेळा कारण तेलाच्या बोटाचा एखादा ठसा असतो.

पुसण्यावरून एक गोष्ट जरा ठासून सांगते. ब्रेक साफ करायचे जे फवारे मिळतात, त्यांतल्या काहींत क्लोरिन असलेली द्रावकं असतात. वेल्डिंगच्या ज्योतीतली अतिनील किरणं आणि उष्णता लागली की त्यांतून फॉस्जीन तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला वायू तो हाच. तेव्हा असले फवारे वेल्डिंगच्या टेबलाजवळही नकोत. ॲसिटोनसुद्धा पूर्ण उडून जाऊ द्यायचं, आणि बाटली झाकण लावून लांब ठेवायची. मास्तरांनी हे सांगताना एरवीचा मिश्कीलपणा बाजूला ठेवला होता.

मग टंगस्टनला टोक काढणं. ही माझ्या आवडीची जागा. १.६ मिलिमीटर जाडीची सळई, टोकाची लांबी जाडीच्या दुप्पट ते अडीचपट, म्हणजे जेमतेम चार मिलिमीटर. मी पेन्सिलीला करावं तसं आडवं धरून गोल गोल फिरवत छान टोक काढलं. मास्तरांनी भिंगाखाली धरलं. टोकाभोवती बारीक वळी पडली होती, स्क्रूला असतात तशी. ज्योत त्या ओरखड्यांच्या अंगाने भरकटते. सळई चाकाच्या फिरण्याच्या दिशेत उभी धरायची, म्हणजे ओरखडे लांबीने टोकाकडे जातात आणि ज्योत सरळ उतरते. कापडाला उभा धागा असतो, तिरपं कापलं की झोळ येतो. तेवढं म्हटल्यावर हात आपोआप वळला. त्या संध्याकाळी सहा सळयांना टोकं काढली. टंगस्टनसाठी चाक वेगळं ठेवलेलं असतं, त्यावर दुसरं काही घासायचं नाही, नाहीतर लोखंडाचे कण टोकाला चिकटतात. सळयांच्या मागच्या टोकाला रंग असतो. आम्ही निळ्या वापरतो, त्यात दोन टक्के लँथॅनम ऑक्साइड असतं. लाल टोकाच्या सळयांत थोरियम असतं आणि ते किरणोत्सर्गी आहे. घासताना उडणारी धूळ नाकात जायला नको, म्हणून मास्तरांनी लाल सळया कधीच सोडल्या.

दुसऱ्या दिवशी पेटवली. पायडल थोडं दाबलं की टंगस्टन धातूला न टेकताच ठिणगी उडी मारते आणि ज्योत धरते. आवाज म्हणाल तर मधमाशी लांब असावी तेवढा. हेल्मेटच्या काचेतून हिरव्या अंधारात एक झगझगीत सुळका दिसला आणि माझी नजर त्यालाच चिकटली.

आता पायडल. शिलाईच्या मशीनवर पायडल म्हणजे वेग. दाबलं की धावतं, सोडलं की थांबतं. वीस वर्षांत हे डोक्यातून घोट्यात उतरलेलं. टिगमध्ये पायडल म्हणजे उष्णता, आणि वेग सगळा हातात. घाबरले की माझा पाय आपोआप उचलला जायचा. मशीनवर तेच बरोबर असतं, सुई थांबते, कापड जिथल्या तिथे राहतं. इथे पाय उचलला की वितळलेला धातू क्षणात गोठतो, आणि त्याच क्षणी आत गेलेली कांडी तिथेच चिकटून बसते. मग मी कांडी ओढायची, तिच्याबरोबर पट्टी उचलली जायची, आणि टंगस्टन जाऊन धातूत रुतायचं. उलट, सांधा सरळ आणि सोपा असला की 'चला, आता पळवू' म्हणून पाय दाबायची. पळायचं कोणीच नाही, पट्टीला भोक पडायचं.

टंगस्टन धातूला टेकलं की ते खराब झालं. टोकाला पोलाद चिकटतं, ज्योत हिरवट होऊन थरथरू लागते. थांबायचं, सळई काढायची, बिघडलेला भाग तोडायचा, पुन्हा टोक काढायचं. पहिल्या पेटत्या संध्याकाळी असं तेवीस वेळा झालं. आकडा नेमका आहे, कारण मास्तर टेबलाच्या पायावर खडूने रेघा मारत होते. आदल्या दिवशी काढलेली सहा टोकं पहिल्या अर्ध्या तासात संपली. मला वाटतं त्यांना हे ठाऊकच होतं.

वायूबद्दल थोडं. आर्गन हा शब्द 'आळशी' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. १८९४ मध्ये रॅले आणि रॅम्झी या शास्त्रज्ञांनी तो हवेतून शोधून काढला, आणि कशाशीच संयोग करेना म्हणून हे नाव पडलं. आपल्या श्वासातल्या हवेत तो जवळजवळ एक टक्का असतो. त्याच्या या आळसावर आमचं सगळं काम चालतं. पण टिगची सुरुवात हेलियमने झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नॉर्थ्रॉप या अमेरिकन विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांना मॅग्नेशियमचे भाग जोडायचे होते. गरम मॅग्नेशियमला हवा लागली की पेटायचीच भीती. त्यांनी टंगस्टनची सळई आणि भोवती हेलियम अशी टॉर्च केली, तिचं पेटंट १९४२ चं. 'हेलिआर्क' हे नाव जुन्या वेल्डरांच्या तोंडात अजून आहे. मास्तरही क्वचित म्हणतात, आणि मग आपणच हसतात.

हा आळशी वायू फुंकरीनेही उडतो. चौथ्या का पाचव्या दिवशी उकडत होतं म्हणून मी पंखा आपल्याकडे वळवला. त्यानंतरचा पाऊण तास माझ्या प्रत्येक सांध्याला मुंग्यांच्या वारुळासारखी भोकं पडत होती. मी वायू वाढवला. मिनिटाला आठ लिटरवरून बारा, मग सोळा. त्याने अजून बिघडलं, कारण वायू फार जोरात सोडला की कपातून बाहेर पडताना त्याच्या वावटळी होतात आणि त्या बाहेरची हवा आत ओढतात. मास्तर चहाचा कप ठेवून आले, पंखा भिंतीकडे फिरवला, मीटर पुन्हा आठवर आणला आणि परत गेले. "हं"सुद्धा म्हणाले नाहीत.

पण बंदिस्त कोंडवाड्यातही हे काम करायचं नसतं. आर्गन हवेपेक्षा जड, तो खाली साठतो, आणि त्याला ना वास ना रंग. खोल टाकीत, खड्ड्यात, बंद खोलीत तो प्राणवायूला बाजूला सारतो आणि माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते. तेव्हा खोलीत हवा खेळती हवी आणि टेबलावर मात्र झुळूक नको. आमच्याकडे समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या असतात आणि टेबलाला तीन बाजूंनी पत्रा उभा केलेला असतो.

कपड्यांच्या बाबतीत मात्र मास्तरांना मी शिकवलं. त्यांचं जाकीट जाड सुती ड्रिलचं होतं, पण खांद्याची शिवण दोन ठिकाणी उसवलेली. बघितलं तर शिवायला पॉलिस्टरचा दोरा. कापड सुती आणि दोरा वितळणारा! ग्राइंडरच्या ठिणग्यांनी कापडाला काही केलं नाही, दोरा तेवढा गेला. मी दोघांसाठी नवी जाकिटं शिवली. गडद रंगाची, सुती दोऱ्याने, बाह्यांना दुमड नाही, खिशांना झाकण. दुमडीत आणि उघड्या खिशात ठिणगी जाऊन बसते. गडद रंगाचं कारण वेगळं आहे: फिक्या कापडावरून प्रकाश उसळून हेल्मेटच्या आत हनुवटीखालून शिरतो. नायलॉन किंवा पॉलिस्टरचा कपडा अंगात नकोच, तो पेटला तर वितळून कातडीला चिकटतो.

एवढं सगळं केलं आणि गळा मोठा ठेवला. आपल्या मापाचं जाकीट आपणच बेतलं की असं होतं. साधारण दोन तासांच्या सरावानंतर गळ्याखाली त्रिकोणी आकाराचा लालभडक डाग उमटला. कडक उन्हाने भाजावं तसा, फक्त उन्हापेक्षा कितीतरी लवकर. टिगमध्ये धूर नाही, त्यामुळे अतिनील किरणांना अडवायलाही काही नसतं. दुसऱ्या दिवशी जाकिटाला उभी कॉलर लावली. डोळ्यांचं तर विचारूच नका. ज्योत उघड्या डोळ्यांनी पाहिली की त्या वेळी काही वाटत नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. मी हेल्मेट खाली घेतल्याशिवाय पायडलवर पाय ठेवतच नाही. पायडलला तेवढी तरी शिस्त मी लावली.

तीन आठवडे असे गेले. पट्ट्या स्वच्छ, टोकं बरी, कपडे उत्तम, आणि सांधे असे की एखाद्याने च्युइंगम चघळून चिकटवलंय. हात थरथरतो म्हणून मी मनगटाखाली लाकडी ठोकळा ठेवून पाहिला. हातमोजे बदलले. मग वाटलं, वय झालं. सत्तेचाळीसाव्या वर्षी जवळचं धूसर दिसतंच. हेल्मेटच्या आत काचेमागे बसवायचं भिंग मिळतं, ते लावलं. आता बिघडलेला सांधा मला मोठा दिसू लागला.

मास्तरांनी एक दिवस विचारलं, "ताई, तुम्ही बघता कुठे?"

"कुठे म्हणजे? ज्योतीकडे."

"ज्योतीत काय आहे बघण्यासारखं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. माझ्याच दुकानात, माझ्याच आवाजात, हजार वेळा उच्चारलेलं वाक्य मला ऐकू आलं.

ज्योतीखाली वितळलेल्या धातूचं एक तळं असतं. वर्कशॉपमध्ये त्याला पडल (इंग्रजीतलं puddle, डबकं) म्हणतात, मास्तर तळंच म्हणतात. आधी धातू नुसता लाल होतो, मग ओलसर दिसतो, मग एकदम त्यात चकाकी येते आणि एक गोल ठिपका थरथरू लागतो. ते तळं. दोन मिलिमीटरच्या पट्टीवर साधारण पाच-सहा मिलिमीटर रुंद. त्याची पुढची कड बघायची. दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या असतील तर आधी दोन वेगळी तळी होतात, आणि एका क्षणी मधली फट ओलांडून ती एकमेकांत मिसळतात. तोवर कांडी द्यायची नाही. मी ज्योतीकडे बघत होते म्हणून मला हे कधी दिसलंच नव्हतं. कांडी मी अंदाजाने, कधी तळं व्हायच्या आधी, कधी ते खाली गळायला लागल्यावर खुपसत होते.

त्या दिवशी कांडी बाजूला ठेवली. नुसती पट्टी, ज्योत आणि तळं. तळं करायचं आणि ते त्याच रुंदीचं ठेवून पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचं. रुंद व्हायला लागलं तर पाय जरा हलका, अरुंद झालं तर जरा जड. आणि इथे घोट्याला पहिल्यांदा कळलं की हे पायडल कशाचं आहे. 'पायडल म्हणजे उष्णता' हे पाठ करून काही झालं नव्हतं. डोळा तळ्यावर गेला तशी पायाला स्वतःचं काम दिसलं. मोजून सांगायचं तर पोलादाला जाडीच्या दर मिलिमीटरला सुमारे चाळीस अँपिअर असा ढोबळ हिशेब असतो, म्हणजे माझ्या पट्टीला ऐंशीच्या आसपास. मशीन नव्वदवर लावायचं आणि उरलेलं पायावर सोडायचं.

टॉर्च उभीच, फक्त दहा-पंधरा अंश मागे कललेली, म्हणजे कपाचं तोंड जायच्या दिशेकडे. टंगस्टनचं टोक धातूपासून साधारण दोन मिलिमीटर वर. दोन मिलिमीटर मला मोजावे लागत नाहीत, बारीक टाक्याची लांबी तेवढीच असते. माझं कौतुक करण्याजोगी ही एकच गोष्ट मास्तरांना सापडली. टॉर्च जास्त आडवी झाली तर ज्योत पुढे पसरते, कांडी तळ्यात पोचायच्या आतच वितळून तिच्या टोकाला गोळा होतो आणि तो थेंब भलतीकडे टपकतो. हे तीन आठवडे चाललं होतं, ते आता मी टॉर्च सरळ करून थांबवू शकले, कारण होताना दिसत होतं.

डावा हात ही वेगळी रड. मशीनमध्ये कापड खालचे दाते ओढतात, हाताने फक्त दिशा द्यायची. इथे कांडी आपल्याच बोटांनी पुढे सारायची. अंगठ्याने ढकलायची, बाकीच्या बोटांनी धरून ठेवायची, पुन्हा अंगठा मागे न्यायचा. जवळजवळ मीटरभर लांब कांडी, तीही हातमोज्यातून. मी एक कांडी घरी आणली. रात्री बातम्या बघताना हातमोजा घालून ती सरकवत बसते. मागचं टोक वळवून ठेवलंय, म्हणजे कोणाच्या डोळ्यात जाणार नाही, आणि गरम टोक कोणतं तेही कळतं. घरच्यांनी आता विचारणं सोडलं आहे. कांडी तळ्याच्या पुढच्या कडेला, पट्टीला जवळजवळ समांतर धरून टेकवायची, एक थेंब घ्यायचा, मागे घ्यायची. पण फार मागे नाही. तिचं गरम टोक आर्गनच्या छत्रीतून बाहेर आलं की त्याला हवा लागते, ते काळवंडतं, आणि पुढच्या वेळी ती घाण तळ्यात जाते.

शेवट करायची पद्धतही मला नव्याने शिकावी लागली. मी शिवणीच्या शेवटी उलटे दोन टाके मारते आणि झटकन पाय सोडते. इथे झटकन सोडला की तळं एकदम आक्रसतं, मध्ये खळगा राहतो आणि खळग्यात चांदणीसारखी चीर पडते. पुढे सगळा सांधा तिथून उकलू शकतो. म्हणून शेवटी कांडीचा एखादा थेंब जास्त द्यायचा आणि पाय हळूहळू सोडायचा. आणि ज्योत विझली तरी टॉर्च हलवायची नाही. वायू आठ-दहा सेकंद वाहत राहतो, तेवढा वेळ तिथेच धरून बसायचं, धातू आणि टंगस्टन दोन्ही निवेपर्यंत. कौतुकाने सांधा बघायला मी टॉर्च उचलायचे, आणि टंगस्टन काळंनिळं होऊन बसायचं.

कच्च्या टाक्यांबद्दल मात्र मला कोणी काही सांगायला लागलं नाही. वेल्डरही त्याला टाकाच म्हणतात. धातू निवताना आटतो आणि बाजूला ओढतो. काटकोनात उभी केलेली पट्टी एका बाजूने जोडली की त्या बाजूला वाकून बसते. आधी दोन्ही बाजूंनी, दोन्ही टोकांना टाके मारून घ्यायचे, मग जोडायचं. बिनटाक्याची बाही कोण लावतं?

स्टेनलेसवर येऊन आता दीड महिना झाला. रेशमाला इस्त्री करण्यासारखं काम. उष्णता बाहेर पसरत नाही, एकाच जागी साठते, आणि सांध्याचा रंग सगळं सांगून टाकतो. फिकट सोनेरी आला तर उत्तम, जांभळा-निळा म्हणजे जरा जास्त तापलं, आणि राखाडी, निस्तेज झालं तर करपलं. लोक निळ्याजांभळ्या रंगांवर खूश होतात, फोटोही छान येतात. मास्तर म्हणतात, तो ऑक्साइडचा थर आहे, जितका जाड तितकं खालचं स्टेनलेस गंजायला सोपं. नळी जोडायची असेल तर आतूनही आर्गन भरावा लागतो, नाहीतर आतल्या बाजूला काळे खडबडीत दाणे येतात. माझ्या पहिल्या नळीत ते आले. बाहेरून ती इतकी सुरेख दिसत होती की मी ती मधोमध कापू देत नव्हते. मास्तरांनी कापली.

ॲल्युमिनियम दोनदा करून पाहिलं आणि लांब ठेवलं. धातू ६६० अंशांना वितळतो आणि त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजार अंशांच्याही वर. म्हणजे पिशवी शाबूत आणि आतलं सगळं पाणी, अशी गत. त्यासाठी एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा, करंट लावतात, त्याच्या एका अर्ध्या फेरीत तो पापुद्रा निघतो. दिसायला गंमत वाटते, पण लाल न होता ते एकदम खाली कोसळतं. पुढच्या वर्षी बघू.

दरम्यान मी कापड बेतायच्या टेबलाला चौकोनी नळ्यांची चौकट केली. सोळा सांधे आहेत. त्यातले दोन भिंतीकडच्या बाजूला आहेत आणि तिकडेच राहतील. मागच्या आठवड्यात एक विद्यार्थिनी त्या टेबलाशी बसली होती, नजर सुईवर खिळलेली. मी काही बोलले नाही. तिच्या कापडाच्या कडेला, सुईच्या पुढे, खडूने एक रेघ ओढली आणि विचारलं, "ही तुला आता दिसतेय का?"

आणि पायडल? ते मास्तरांच्या फळीवर आहे. तड्याच्या दोन्ही टोकांना त्यांनी बारीक भोकं पाडली आहेत, म्हणजे तडा पुढे सरकणार नाही. ओतीव लोखंड वितळवून जोडलं तर निवताना शेजारीच पुन्हा तडकण्याची भीती, म्हणून ते वितळवायचंच नाही, नुसतं तापवून वर सिलिकॉन ब्राँझ, म्हणजे लोखंडाआधीच वितळणारा तांब्याचा मिश्रधातू, पसरवायचं, असं ठरलंय. परवा मी विचारलं, कधी करताय?

"मी कशाला करू?" म्हणाले. "घासायला घ्या."

तड्याच्या दोन्ही बाजू आता पांढऱ्या झाल्या आहेत. कडासुद्धा.